पाण्याकडे पाठ

मंडळी, आज थोडं मुंबईबद्दल लिहितोय. पण विषय आपल्या ईटचाच आहे, तेव्हा पाहुण्यांनी शेवटपर्यंत वाचा!

वांद्र्याला बँडस्टँड किंवा कार्टर रोडला गेला असाल, तर समुद्राकाठचा फिरायचा रस्ता पाहिला असेलच. २००० सालाच्या आगेमागे झालेल्या या कामांमागे आर्किटेक्ट पी. के. दास आहेत. रहिवाशांच्या संघटनांना सोबत घेऊन त्यांनी ती केली. पुढे जुहूचा इर्ला नाला हाती घेतला. ज्या नाल्याकडे बघताना लोक नाकाला रुमाल लावायचे, त्याच्या काठाने चालायची वाट आणि झाडं! २०१२ मध्ये 'ओपन मुंबई' प्रदर्शनात त्यांनी शहराचे किनारे, नद्या, नाले, तलाव एकत्र मांडले. २०१६ मध्ये त्यांना जेन जेकब्ज पदक मिळालं. हाच माणूस निवारा हक्क समितीतून झोपडपट्टीवासीयांच्या घरांसाठीही लढला. म्हणून त्यांचं काम मला नुसतं सुशोभीकरण वाटत नाही. पाण्याचा काठ सगळ्यांचा, एवढंच ते सांगतात.

आता कुणी म्हणेल, "अरे, तिकडे समुद्र आहे. आपला ओढा आठ महिने कोरडा. काठावर बसून बघायचं काय?"

मला नेमकी हीच भीती वाटते. वाहत्या पाण्याला लोक वचकून असतात, कोरड्या पात्राला कुणी विचारत नाही. आधी उकिरडा येतो, मग बांध सरकतो, मग एखादी टपरी. घरांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठ ओढ्याकडे. मग एखाद्या वर्षी मोठा पाऊस झाला की पाणी आपली जुनी जागा मागायला येतं, आणि आपण म्हणतो, पूर आला.

२०१४ नंतर जलयुक्त शिवारात ठिकठिकाणी ओढे खोल-रुंद झाले. चांगलंच झालं. पण पात्राचा विचार झाला, काठाचा राहिला. सिमेंटची भिंत आणि रंगीत दिवे आपल्याला नकोतच. ग्रामसभेत ठराव करून हद्द मोजून घ्यावी, खुणा रोवाव्यात, कडुनिंब-करंज लावावेत, म्हाताऱ्यांना टेकायला एक कट्टा बांधावा. जिथे माणसं रोज संध्याकाळी बसतात, तिथे कचरा टाकायला हात धजावत नाही. असा पहारा फुकटात मिळतो.

शहरांना गेलेला काठ परत मिळवायला वर्षानुवर्षं झगडावं लागतंय. आपला अजून पुरता गेलेला नाही. तो राखणं त्या मानाने स्वस्त आहे.

असो. तुमच्या गावच्या ओढ्याची काय परिस्थिती आहे? जरूर कळवा.