वही उघडा

नांदेडला, पुण्याला खोली करून राहणाऱ्या दोस्तांनो, तुम्हालाच लिहितोय. मी इस्लापूरचा, तालुका किनवट. सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गर्दी होते. आमच्याच भागातल्या एका वस्तीतली नाली मात्र कुणालाच दिसत नाही. कशी दिसेल? ती फक्त वहीत आहे.

ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे, असा नियम आहे. शंभरातले पंधरा रुपये आमचे. कुणाच्या बापाची मेहरबानी नाही. म्हणून ग्रामसेवकाला म्हटलं (2024 पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, वही तीच), "साहेब, रोकडवही दाखवा."

"तुला काय कळतंय त्यातलं? अर्ज टाक, झेरॉक्स देतो."

कायदा म्हणतो 30 दिवस. झेरॉक्स आली दोन महिन्यांनी. काळीकुट्ट, कडेला कापलेली. रक्कम दिसते, काम दिसत नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. साला, आपण झेरॉक्स मागतो हेच चुकतं! 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कलम 2 मध्येच लिहिलंय : कामाची, कागदपत्रांची पाहणी करा, टिपणं घ्या. वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा मागा. म्हणजे रस्त्यातलं सिमेंटही. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही. 2012 मध्ये राज्य सरकारनं मेख मारली : एक अर्ज, एक विषय, दीडशे शब्द. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या लुटीला दीडशे शब्द! असू दे. "वही बघायचीय" हे सांगायला दोन शब्द पुरतात.

महाडचं तळं आठवा. 1923 ला मुंबई कौन्सिलात बोलेंचा ठराव झाला, 1924 ला नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. पाण्याला हात लागला 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. तोवर हक्क होता आणि घसाही कोरडा होता. आज तळ्याच्या जागी लोखंडी कपाट आहे, किल्ली साहेबाच्या खिशात.

आणि आपण? जयंतीला डीजेचा हिशेब पै-पैचा ठेवतो, वर्गणीवरून भांडतो. पंचायतीचा हिशेब कधी मागितला?

14 एप्रिलला गावी येताच ना, यंदा चार दिवस आधी या. कचेरी उघडी असताना. अर्ज मी आधीच टाकून ठेवतो. एकट्याला दारातूनच हाकलतात, पाच जण जाऊ. एक वाचेल, एक लिहून घेईल, बाकीचे नुसते उभे राहतील.