रात्रीची लिफ्ट बंद करणाऱ्यांना

दिवाळीच्या अंकात माणसाने गोडाधोडाचे बोलावे, हे मला कळते. संपादकांनी यंदाही माझ्याकडे गोष्टच मागितली होती आणि ती अर्धी लिहूनही झाली होती. पण सप्टेंबरच्या अखेरीस मावशीकडे गेलो, तिच्या वसाहतीच्या वार्षिक सभेत तीन तास बसलो, आणि परत आल्यावर गोष्ट काही पुढे सरकेना. नायिकेच्या तोंडी वाक्य घालावे तर डोक्यात एकच आकडा घोळे : बत्तीस रुपये. तेव्हा वाचकहो, या वर्षी गोष्टीऐवजी भांडण पदरात घ्या.

पुण्याच्या बाहेर, काल-परवापर्यंत जिथे ऊस आणि कांदा होता, तिथे हल्ली खास ज्येष्ठांसाठी म्हणून वसाहती उभ्या राहिल्या आहेत. कल्पना तशी परदेशची. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराजवळ, डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ नावाची अशी वसाहत लोकांना खुली केली. म्हातारी माणसे मुला-नातवंडांपासून दूर राहायला पैसे मोजतील कशाला, अशी शंका घेणारे तेव्हाही होते. पण पहिल्याच दिवसांत तिथे माणसांची रीघ लागली. आपल्याकडे ती रीघ लागायला आणखी चाळीस वर्षे गेली इतकेच.

माझी मावशी तिथे गेली ती हौसेने नव्हे. गिरगावात ती चौथ्या मजल्यावर राहत असे. लाकडी जिना, वळणावर अंधार. काकांना रात्री दोन वाजता कळ आली तेव्हा शेजारच्या चार पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. ती सुटेपर्यंत काका गेले होते. पुढे तिने खोली विकली, आलेल्या पैशांतून वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर लहानशी जागा घेतली आणि उरलेले बँकेत ठेवले. त्या व्याजावर आणि काकांच्या मागे मिळणाऱ्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर तिचे चालते. जागा घेताना तिने बाग पाहिली नाही, देऊळ पाहिले नाही, क्लबाकडे ढुंकूनही पाहिले नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते की नाही, एवढेच तिने मला टेपने मोजायला लावले होते.

आता ती सभा. कायद्याप्रमाणे सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून पितृपक्ष असो की नवरात्र, या सभा नेमक्या त्या आठवड्यात उरकतात. भोजनगृहात खुर्च्या मांडल्या होत्या. एकशेवीस घरांची वसाहत. सत्तर-ऐंशी माणसे आली होती. व्यवस्थापक समितीने दोन ठराव मांडले. पहिला असा की, मासिक आकार ६८०० रुपयांवरून ७६०० रुपये करावा. आणि ज्यांना ही वाढ जड वाटेल त्यांच्या समाधानासाठी दुसरा असा की, काटकसर म्हणून रात्री अकरा ते पहाटे पाच चारही लिफ्ट बंद ठेवाव्यात आणि मजल्यांवरचे दिवे एकाआड एक मालवावेत.

सभेचे लगेच दोन तट पडले. ज्यांना महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन आहे आणि ज्यांचे बिल न्यू जर्सीहून परस्पर भरले जाते, ते म्हणाले, आठशे रुपयांत काय होते? वाढू दे. ज्यांचे व्याजावर आहे, ते दुसऱ्या ठरावाला लोंबकळले. “रात्री फिरतंय कोण? करा की लिफ्ट बंद!” हे गरीब बाजूचे वाक्य होते, आणि ते ऐकून माझे डोके तडकले. श्रीमंतांवर रागावणे सोपे असते. आपल्याच बाजूची माणसे आपला जीव स्वस्तात विकायला निघाली की राग धरायचा कोणावर?

विद्वान माणूस मी नव्हे. दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर. पण त्रैराशिक मला येते, आणि मावशीच्या शेजारी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक अभियंता बसले होते, त्यांनी बिलाच्या पाठीमागे मला आकडे मांडून दिले. लिफ्टची मोटर पाच किलोवॅटची धरा. एक फेरी अर्ध्या मिनिटाची. म्हणजे एका फेरीला युनिटचा चोविसावा हिस्सा. चोवीस फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे एक युनिट. रात्री अकरा ते पाच या वेळात म्हाताऱ्यांच्या वसाहतीत कोणती लिफ्ट चोवीस वेळा वर-खाली करते? तरी आतला दिवा-पंखा जमेस धरून आपण उदारपणे प्रत्येक लिफ्टमागे रात्रीचे एक युनिट धरू. चार लिफ्ट, तीस रात्री, एकशेवीस युनिट. दिव्यांचेही तसेच. दहा वॅटचे चाळीस दिवे सहा तास मालवले तर रात्रीला दोन पूर्णांक चार युनिट वाचतात, महिन्याला बहात्तर. युनिटचा दर मुद्दाम चढा, वीस रुपये धरू. कारण सामायिक मीटरवरची सगळी वीज एकाच ग्राहकाच्या नावावर मोजली जाते आणि वरच्या टप्प्यात जाते. लिफ्टचे झाले २४०० रुपये आणि दिव्यांचे १४४०. एकूण ३८४०. भागिले एकशेवीस घरे.

घरटी बत्तीस रुपये.

आठशेची वाढ चुकवायला निघालेल्या माणसांच्या पदरात बत्तीस रुपये पडणार होते, आणि त्याची किंमत म्हणजे रात्री दोन वाजता अंधाऱ्या जिन्यातून खुर्ची उतरवणे. मावशीने आपली आयुष्यभराची खोली जिच्यासाठी विकली ती लिफ्ट! हे मी उठून सांगायला लागलो तर चिटणीस म्हणाले, “आपण सभासद नाही, बसा.” बसलो. नियमाने त्यांचे बरोबर होते.

मग खर्च जातो कुठे? बिलावर एकच ओळ असते : ‘सामायिक सेवा’. या एका ओळीखाली जे झाकले जाते तेवढे आमच्या शाळेच्या सतरंजीखालीही जात नसेल. गुरुवारी वीज गेली होती तेव्हा दुपारी तीन तास क्लबातील वातानुकूलन जनरेटरवर चालू होते, आत पत्ते खेळणारे सहा जण. ते यंत्र दहा किलोवॅट ओढते असे गृहीत धरा. तीस युनिट झाले. एका लिटर डिझेलमागे जनरेटर तीनेक युनिट देतो. म्हणजे दहा लिटर, आणि लिटरला नव्वद रुपये धरले तरी नऊशे रुपये, एका दुपारचे. अशा तीन दुपारी म्हणजे चारही लिफ्टच्या महिनाभराच्या रात्रींहून जास्त. पत्ते खेळू नयेत असे मी म्हणत नाही. म्हातारपणी पत्तेही नाहीत तर काय उरले? पण तो गारवा ज्यांना हवा त्यांच्या नावे मांडावा, आणि त्याच्यासाठी काकूंच्या लिफ्टला हात लावू नये.

आणि याहून आतली गोम अशी की, वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीला मोबदला मिळतो तो एकूण खर्चाच्या शेकडा पंधरा. शंभराचे डिझेल जाळले तर तिला पंधरा, दोनशेचे जाळले तर तीस. ज्याच्या ताटात उष्टे टाकण्याबद्दल बक्षीस आहे, तो भात मोजून का रांधील? हा करार बिल्डरने वसाहत ताब्यात देण्यापूर्वीच करून ठेवला, आणि समितीवर आलेल्या सज्जनांना तो मोडण्यापेक्षा दिवे मालवणे सोपे वाटते. सज्जनच आहेत ते, फुकट राबतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यांच्या आळसाबद्दल आहे.

दुसरी गोष्ट तर सभेत कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. ती मावशीने काढली. तिने तीस वर्षे ग्राहक भांडारात हिशेब लिहिला आहे. ती उभी राहिली तेव्हा समोरचे एक गृहस्थ म्हणाले, “वहिनी, थोडक्यात आटपा, जेवणं व्हायची आहेत.” ती म्हणाली, “थोडक्यातच विचारते. वाढ आठशेची आहे, की दोन हजार एकशे अडुसष्टाची?”

सभा गप्प झाली. मामला असा आहे : वर्षाची उलाढाल वीस लाखांवर असलेल्या संस्थेत सभासदाचा मासिक आकार ७५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, ही मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये पाच हजारांवरून साडेसात हजार झाली. ओलांडली की अठरा टक्के. आणि २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकाप्रमाणे तो वरच्या शंभर रुपयांवर नव्हे, सगळ्या रकमेवर. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केवळ जादा रकमेवरच कर घ्यावा असे म्हटले, हे खरे. पण आपला खजिनदार मद्रासच्या निकालावर विसंबून राहणार आहे काय? ७६०० वर अठरा टक्के म्हणजे १३६८. बिल झाले ८९६८. आकार ७४०० ठेवला असता तर ७४०० च. दोनशे रुपये जास्त मागून समिती प्रत्येक घरावर साडेपंधराशेहून अधिक बोजा टाकीत होती, आणि तोही बहुतेक न कळत.

टाळ्या वाजल्या नाहीत. एक जण मात्र बोलला, आणि त्याच्यासाठी हा लेख लिहिला असे समजा. “ज्यांना परवडत नाही त्यांनी इथे यावंच कशाला? वृद्धाश्रम आहेत ना!”

साहेब, याचे उत्तर असे. तुमच्या-आमच्या घरमालकीत फरक नाही. सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला मत एक. लिफ्ट, पहारेकरी, रुग्णवाहिका हा खर्च घरटी समान असतो, तो याच तत्त्वावर. तुमची जागा मोठी म्हणून तुम्हाला रुग्णवाहिका मोठी येत नाही. आज तुमचे बिल मुलगा भरतो म्हणून ते तुम्हाला हलके वाटते. ते तुमच्या खिशाचे वजन नव्हे, त्याच्या नोकरीचे आहे. आणि भारत सरकारने २०१९ मध्ये, महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांबद्दल मार्गदर्शक नियम केले, त्यांत लिफ्ट, रुंद दारे, विजेची पर्यायी सोय यांवर भर आहे, तो चैनीसाठी नव्हे. घर बांधताना जी सोय म्हातारपणाची गरज म्हणून मोजली, ती बिल येताच चैन कशी होते?

आमच्या बाजूचेही चुकते, हे कबूल केले पाहिजे. त्याच सभेत एका काकांनी झाडणाऱ्या बायकांपैकी दोघींना कमी करा अशी सूचना केली. त्यांच्या पगारावर हात टाकून आपले व्याज वाचवणे मला बत्तीस रुपयांच्या लिफ्टइतकेच ओंगळ वाटते. म्हातारपणची काटकसर कुठवर जाते ते सन सिटीने दाखवले आहे. तिथल्या मतदारांनी शाळांसाठी काढायच्या कर्जरोख्यांना पुन्हा पुन्हा नकार दिला. आमची मुले शिकून गेली, आता आम्ही का भरू? शेवटी ती वसाहत शाळेच्या जिल्ह्यातून वेगळी काढावी लागली. मास्तर असल्यामुळे ही हकीकत मला फार लागली.

पाण्याचेही असेच आहे. उपविधीप्रमाणे पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार पाहून वाटतात. माणसे कोणी मोजीत नाही. मावशीला दिवसाला सहा बादल्या पुरतात. पंधरा लिटरच्या सहा म्हणजे नव्वद लिटर. शहरी माणसाला दिवसाचे एकशे पस्तीस लिटर लागते असे सरकारी मानक आहे. शेजारी दिवाळीत पाच नातवंडे येतात, अभ्यंगस्नाने दुपारपर्यंत चालतात, आणि नळ दोन्हीकडे सारखेच. मी मीटर बसवा म्हणालो, तर मावशी म्हणाली, “बसव हो, पण दिवाळी झाल्यावर. त्या पोरांच्या आवाजानेच मला सण आल्यासारखा वाटतो, त्याचं काय बिल लावायचं?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मीटर मात्र बसलेच पाहिजेत.

दोन्ही ठराव तहकूब झाले आहेत. तुळशीच्या लग्नानंतर विशेष सभा आहे. तोवर मागच्या लेखापरीक्षणाचा ताळेबंद मागायचा, कारण तो पाहण्याचा सभासदाला कायद्याने हक्क आहे, आणि कंपनीचा करार मुदत संपताच ठरावीक रकमेवर आणायचा, असे मावशीने त्या अभियंत्यांच्या मदतीने ठरवले आहे. खुर्चीत बसून ऐकू येत नाही अशा माणसांना आकडे दिसले पाहिजेत, म्हणून तिने मला काम लावले. चार ड्रॉइंग पेपर चिकटवून मी एक तक्ता केला आहे : डावीकडे चार लिफ्ट, उजवीकडे तीन दुपारींचे डिझेल, खाली लाल रंगात ३२ आणि २१६८. तिला चष्म्याशिवाय वाचता यावे इतकी अक्षरे मोठी काढली आहेत. उद्या एस.टी.ने चकलीच्या डब्याबरोबर पाठवतो आहे.