कॉफीचं नवं सोवळं

आज्यांच्या स्वयंपाकघरातलं सोवळं आपण मोठ्या अभिमानाने मोडलं. आता ते ओट्यावर परत आलंय, कॉफीच्या वासासकट. काट्यावर ग्रॅम मोजल्याशिवाय पावडरला हात लावायचा नाही. बगळ्याच्या मानेची किटली नसेल तर पाणी ओतायचं नाही. दूध म्हणजे पाप. आणि साखर मागणाऱ्याकडे असं बघायचं, जणू तो देवघरात चपला घालून शिरलाय.

हे सोवळं मोडायला हवं आणि ते मोडायचं हत्यार बाजारात स्वस्तात मिळतं. त्याचं नाव फ्रेंच प्रेस.

काचेचं उभं भांडं, झाकण, दांडा, टोकाला जाळी. संपलं. 'अस्सल'चा हट्ट धरणाऱ्यांनी याचा जन्मदाखला बघावा. पूर्वजाचं पेटंट १८५२ साली दोन फ्रेंच माणसांनी घेतलं, १९२० च्या दशकाच्या अखेरीस मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी ते सुधारलं, १९५८ साली बोंदानिनी यांनी आणखी सुधारलं. नाव फ्रेंच, हात इटालियन, आणि कॉफी आपल्या कोडगूची असली तरी भांडं कुरकुरत नाही.

आता किटलीचं बघू. पोर-ओव्हरमध्ये पाणी पावडरमधून वाहून जातं, म्हणून धार कशी आणि कुठे पडते याने फरक पडतो. फ्रेंच प्रेसमध्ये सगळी पावडर सगळ्या पाण्यात बुडून बसते. धार बारीक असो की भसकन ओतलेली, चार मिनिटांनी कॉफीला ते आठवतही नाही. चहाच्या पातेल्यातून ओता, चालतं.

कृती एवढीच: ५०० मिली पाणी, ३० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा, ओता, एकदा ढवळा, ४ मिनिटं बसू द्या, दांडा हळूहळू दाबा आणि लगेच कपात काढा. भांड्यातच राहिली तर कडवट होत जाते. काटा नसेल तर घरातला एक चमचा ठरवून टाका. आज पातळ लागली तर उद्या अर्धा चमचा जास्त. आपल्या आया आमटीत मीठ असंच घालत आल्या आहेत.

शुद्धतावादी म्हणतील, दळण महत्त्वाचं असतं. अगदी बरोबर. पीठ झालेली कॉफी जाळीतून निसटते, कपात गाळ उतरतो आणि चव कडू होते. पण त्यासाठी पंधरा हजारांचा ग्राइंडर कशाला? दुकानदाराला सांगा, 'फ्रेंच प्रेससाठी जाडसर दळून द्या.' दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो, हेही खरं. मग लहान पाकीट घ्या. २५० ग्रॅमचे १६ मोठे कप होतात. पाकीट ५०० रुपयांचं असलं तरी कप साधारण ३१ रुपयांना पडला. कॅफेत तेवढ्यात पाण्याची बाटली तरी येते का बघा.

काटेकोर व्हायचंच असेल तर लेबल वाचताना व्हा. आपल्याकडच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि तसं पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी हे काही विष नाही, दुधाच्या फिल्टर कॉफीत ती अनेकांना हवीच असते. पण आपण कशाचे पैसे देतोय ते कळायला हवं. आणखी एक गोष्ट: जाळीतून कॉफीचं तेल कपात उतरतं आणि त्यातलं कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतं. ज्यांचं आधीच वाढलेलं आहे त्यांनी कागदी फिल्टर वापरावा. इतकी काळजी पुरे.

खरा राग वेगळाच आहे. भारतात पिकणारी बहुतेक कॉफी परदेशी जाते. कोडगू, चिकमगळूर, हासनच्या मळ्यांत बायका लाल फळं हाताने वेचतात. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हे किती कॉफीभक्तांना ठाऊक आहे? किटलीवर, काट्यावर उधळलेल्या पैशातला रुपयाही त्या मळ्यांकडे जात नाही. चांगल्या बियांवर घातलेल्या पैशातला निदान काही वाटा जाण्याची शक्यता असते. ज्याला चवीची एवढी चाड आहे, त्याने आधी याचा हिशेब मांडावा.

तेव्हा दूध घाला, साखर घाला, गूळ घाला. आणि तुमच्या कपाकडे बघून कुणी नाक मुरडलं, तर शांतपणे विचारा: तुझी कॉफी कुठल्या मळ्यातली? उत्तरादाखल ग्राइंडरचं मॉडेल ऐकू आलं, तर दुसरा कप भरून घ्या.