वात्सल्य आणि धर्मवचन

धर्मग्रंथाची आज्ञा एकीकडे आणि पोटच्या लेकराची माया दुसरीकडे, असा विरोध उभा राहिला तर आईबापांनीं काय करावें? हा प्रश्न केवळ पुराणांतला नव्हे. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंतील कित्येक श्रद्धाळू ख्रिस्ती घरांत तो प्रत्यक्ष उभा राहिला आहे, आणि त्या घरांची हकीकत आमच्या वाचकांनीं विचारांत घेण्याजोगी आहे.

कॅलिफोर्नियांतील वॉलनट क्रीक या गांवीं मेरी ग्रिफिथ नांवाची प्रेस्बिटेरियन पंथाची बाई राहत असे. चार मुलांची आई, बायबलवर अढळ निष्ठा. तिच्या बॉबी नांवाच्या मुलाची ओढ स्त्रियांकडे नसून पुरुषांकडे आहे, हें तो १६ वर्षांचा असतां घरांत कळलें. बाईस वाटलें, हें पाप आहे आणि प्रार्थनेनें तें धुऊन निघेल. तिनें घरांत जागोजागीं धर्मवचनें चिकटविलीं, मुलास उपदेशकाकडे धाडलें, अहोरात्र देवाची करुणा भाकली. यांत दुष्टावा कोठेंच नव्हता. मूल नरकांत जाऊं नये हीच तळमळ होती. परंतु मुलाच्या कानीं पडत होतें तें एकच : तूं आहेस तसा आम्हांस नकोस. ऑगस्ट १९८३ मध्यें, वयाच्या २० व्या वर्षीं, बॉबीनें आत्महत्या केली.

मागें राहिलेल्या त्याच्या रोजनिशा आईनें वाचल्या. तिनें देव सोडला नाहीं. ग्रंथ मात्र नव्या दृष्टीनें वाचला आणि निराळ्या मताच्या धर्मोपदेशकास प्रश्न विचारले. अखेर तिच्या मनानें घेतलें कीं, देवानें मुलास बरें केलें नाहीं, कारण त्याला कांहीं झालेंच नव्हतें. पुढें तिनें इतर आईबापांना सावध करण्याचें व्रत घेतलें. लिरॉय आरन्स यांनीं १९९५ सालीं तिची कथा पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. २०२० सालीं ही बाई वारली.

ज्या पालकसंघांत तिनें काम केलें, त्याचा उगमही एका आईपासूनच झाला. न्यूयॉर्कची शिक्षिका जीन मॅनफर्ड हिच्या मुलाला १९७२ सालीं निदर्शनाच्या वेळीं मारहाण झाली. तेव्हां ती स्वतः फलक घेऊन त्याच्या शेजारीं मिरवणुकींत चालली. मार्च १९७३ मध्यें एका मेथडिस्ट चर्चांत पालकांची पहिली सभा भरली. माणसें जमलीं सुमारें २०. सभेची रीत साधी : ज्यांनीं हा धक्का पचविला, त्यांनीं नवागतांचें ऐकून घ्यावें. पंडिताच्या प्रवचनानें जें होत नाहीं, तें समदुःखी माणसाच्या दोन शब्दांनीं होतें.

सर्व पंथांनीं आपले सिद्धांत बदलले, असें मात्र नाहीं. कॅथलिक पंथ समलिंगी विवाह आजही मानीत नाहीं. तरीही अमेरिकेंतील बिशपांच्या समितीनें १९९७ सालीं आईबापांस उद्देशून पत्रक काढून, मुलांना अंतर देऊं नका, असें सांगितलें. पोप फ्रान्सिस यांनींही २०२२ सालीं पालकांना निषेधाच्या आड न लपण्याचा उपदेश केला. उलटपक्षीं, ही ओढ पालटूं पाहणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही ख्रिस्ती संस्था २०१३ सालीं बंद झाली, आणि तिच्या अध्यक्षांनीं जाहीर क्षमा मागितली.

कॅटलिन रायन व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन तर डोळ्यांत अंजन घालणारें आहे. ज्या तरुणांना घरच्यांनीं अतिशय झिडकारलें, त्यांच्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचें प्रमाण, ज्यांना फारसें झिडकारलें नाहीं त्यांच्याहून ८.४ पट अधिक आढळलें.

कोणी म्हणेल, हें परधर्मीयांचें झालें. आपला काय संबंध? वाचकहो, तेथें नरकाचें भय होतें, येथें ‘लोक काय म्हणतील’ याचें असतें. मुलाच्या जिवाला दोन्ही सारखींच जाचतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या मनांतला शिक्का न्यायालयाला पुसतां येत नाहीं. ‘लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल’ हा उपाय तर आम्ही अधर्मच समजतों. त्यांत दुसऱ्याच्या निरपराध लेकीचाही बळी जातो.

वात्सल्य हा शब्द ‘वत्स’ म्हणजे वासरूं यावरून आला आहे. गाय वासराला चाटते ती त्याची परीक्षा घेऊन नव्हे. तेव्हां मूल कधीं धीर करून असें कांहीं सांगूं लागलें, तर शास्त्रार्थ मागाहून करावा. प्रथम त्याला जवळ बसवावें, जेवला आहेस का म्हणून विचारावें, आणि हें घर तुझेंच आहे असें स्पष्ट शब्दांत सांगावें. मनांतली माया मुलाला आपोआप कळते, या भरंवशावर राहूं नये.