दुसरं कार्ड काढण्याआधी



गेल्या चातुर्मासात आमच्या समाजाच्या सभागृहात ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढून देण्याचं शिबिर होतं. माझे थोरले बंधू, आमचे दादा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वय ७४. तेही आधार कार्ड घेऊन रांगेत उभे. “फुकट आहे, काढून ठेवू. एकाला दोन असलेली बरी,” असं त्यांचं म्हणणं. वहिनी बाजूच्या खुर्चीवर पिशवी सांभाळत बसल्या होत्या. मी दादांना रांगेतून बाहेर बोलावलं. चारचौघांत धाकट्या बहिणीनं अडवलं म्हणून जरा रागावलेच. पण मी अडवलं ते वहिनींसाठी.

दादांकडे ईसीएचएसचं कार्ड आहे. माजी सैनिकांची ही अंशदायी आरोग्य योजना एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सैनिकानं एकदाच वर्गणी भरायची, मग आयुष्यभर तो आणि त्याची पत्नी योजनेत. त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी होते, रोजच्या गोळ्या मिळतात. मोठं दुखणं निघालं तर तिथली चिठ्ठी घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जायचं. वर्षाला अमुकच लाख, अशी मर्यादा त्यात नाही.

वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ ला आलं. सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्न कितीही असो. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. घरात सत्तरीपुढचे दोघं असले तर ते ५ लाख दोघांत मिळून. मात्र हे दवाखान्यात दाखल झाल्यावरचं कार्ड आहे. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. खासगी मेडिक्लेम असेल तर तो ठेवून वय वंदना कार्ड काढता येतं. आपल्यातल्या बहुतेक व्यापारी घरांचा प्रश्न इथेच मिटतो, त्यांनी खुशाल काढावं. पण ईसीएचएस किंवा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची सीजीएचएस असेल, तर दोन्हींतलं एकच निवडायचं असतं, आणि ही निवड एकदाच करायची असते. म्हणजे दादांना जे जादाचं वाटत होतं, ती प्रत्यक्षात अदलाबदल होती.

बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, तरी दोन रकाने आखल्याशिवाय मला काही समजत नाही. घरी येऊन आखले. दादांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून गोळ्या कायमच्या. वहिनींना शुगर. दोघांच्या गोळ्या पॉलिक्लिनिकमधून येतात. त्यात वहिनींचं वय ६६! वय वंदना कार्डात त्या बसतच नाहीत. आणि ईसीएचएसमध्ये त्या आहेत त्या दादांच्या नावावर. दादांनी ते सोडलं तर वहिनींच्या पायाखालची फळी काढल्यासारखंच. हे शिबिरातल्या मुलाला कसं कळावं? त्यानं फक्त दादांचं वय पाहिलं.

ईसीएचएसमध्ये सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पॉलिक्लिनिक दूर पडतं, रांग असते, कधी एखादी गोळी नसते. ज्यांच्या आसपास योजनेतला दवाखानाच नाही, त्यांचा हिशोब वेगळा निघू शकतो. पण तो हिशोब घरी, दोघांनी बसून करावा. फुकट आहे म्हणून रांगेत उभं राहून करू नये. गरजेपुरतंच घ्यावं हे आपण पाठशाळेत शिकलो, पण इथे तर घेण्याच्या नादात हातातलंच जाणार होतं.

माझा खरा राग आपल्या बायकांवर आहे, माझ्यावरसुद्धा. कोणत्या डब्यात किती डाळ उरली हे आपल्याला अंधारातही सांगता येतं, पण नवऱ्याच्या पेन्शनचे कागद “ते बघतात.” उद्या ते नसले तर कुटुंब निवृत्तिवेतन आणि ईसीएचएस आपल्यालाच चालवायचं आहे. सैनिकाच्या घरातल्या मैत्रिणींनी निदान एवढं बघून ठेवावं: आपलं वेगळं ईसीएचएस कार्ड आहे ना? पेन्शनच्या पीपीओवर आपलं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना? माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, यात कितीतरी जणी अडकतात. आणि अचानक योजनेबाहेरच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. तो फोन नंबर फ्रिजवर चिकटवा.

दादांनी कार्ड काढलं नाही. दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. “वन्सं, तो पीपीओ म्हणजे नेमका कुठला कागद हो? ह्यांनी कपाटाची किल्ली दिलीये.”