कारकुनाने चिकटवलेलं आडनाव

भिंतीत बसवलेलं एक लाकडी पिंप, उघडी बाजू रस्त्याकडे. रात्री कुणीतरी येई, दुपट्यात गुंडाळलेलं मूल त्यात ठेवी, घंटा वाजवी आणि अंधारात निघून जाई. आतली बाई पिंप फिरवून मूल उचलून घेई. आणणाऱ्याचा चेहरा तिला दिसत नसे. कधी दुपट्याला चिठ्ठी टाचलेली असे, बाप्तिस्मा झालाय की नाही एवढंच सांगणारी. स्पेनमधल्या अनाथालयांच्या या फिरत्या कप्प्याला ‘तोर्नो’ म्हणत. त्यातून आलेल्या कितीतरी मुलांच्या नावापुढे नोंदवहीत एकच शब्द पडे : एक्स्पोसितो. मूळ लॅटिन, अर्थ ‘उघड्यावर टाकलेला’.

स्पॅनिश माणूस दोन आडनावं लावतो, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. त्यामुळे ज्याला दोन्ही नाहीत, त्याची उणीव झाकली जात नाही. शिवाय आडनाव पुढच्या पिढीकडे जातंच. आईबापांच्या मायेत वाढलेली नातवंडंही शाळेच्या हजेरीत ‘टाकलेली’च राहिली.

सगळीकडे हाच रोखठोकपणा होता असं नाही. सारागोसात इस्पितळाच्या नावावरून मुलांना ‘ग्रासिया’ हे आडनाव मिळे. कॅटलान भाषेत ‘देउलोफेउ’ होतं, म्हणजे ‘देवाने घडवला’. म्हणजे तेच काम दयेनेही करता येत होतं.

राज्यकर्त्यांना यातली बोच कळत होती, पण ते मलम भलत्याच जागी लावत राहिले. 1794 मध्ये राजा चौथ्या कार्लोसने अशा मुलांना कायद्यापुरतं औरस ठरवलं आणि त्यांना ‘अनौरस’ म्हणून हिणवणाऱ्यांना शिक्षेची तरतूद केली. लोकांच्या तोंडाला लगाम घातला, नोंदवहीतला शब्द मात्र तसाच राहिला. 1921 मध्ये एक्स्पोसितो हे आडनाव बदलण्याची कारवाई निःशुल्क झाली. सोय चांगलीच, पण हेलपाटे कुणी घालायचे? ज्याच्यावर शिक्का मारला, त्यानेच! अखेर 1958 च्या नोंदणी नियमांनी निबंधकालाच बजावलं, की एक्स्पोसितो किंवा जन्म अज्ञात असल्याचं सुचवणारं दुसरं कुठलंही आडनाव आपणहून लावायचं नाही.

खरा इलाज हाच होता. चूक मुलाच्या जन्मात नव्हती, लिहिणाऱ्याच्या टाकात होती. तो टाक अडवायला पहिल्या फर्मानानंतर 164 वर्षं गेली. नेपल्सचं उदाहरणही तोवर समोर होतं. तिथल्या राजाने, म्हणजे म्यूराने, बेवारस मुलांना ‘एस्पोसितो’ आडनाव देण्याची प्रथा 1814 मध्येच बंद केली होती.

आधीच हे नाव लावणाऱ्यांचं काय? तो निर्णय त्यांचा. कुणी ते टाकलं, कुणी टिकवलं, आणि टिकवणाऱ्यांना ‘अजून का लावता?’ असं विचारण्याचा हक्क कुणालाच नाही. अर्जेंटिनात ओमेरो एक्स्पोसितोने लिहिलेलं आणि त्याचा भाऊ विर्खिलिओने चाल लावलेलं ‘नारान्हो एन फ्लोर’ हे टँगो गीत आजही गायलं जातं. नेपल्समध्ये तर एस्पोसितो हे अगदी घरोघरचं आडनाव झालंय. आणि बार्सिलोनाकडून खेळलेल्या जेरार्ड देउलोफेउने गोल केला, की प्रेक्षक त्या जुन्या आडनावाचाच गजर करत.