एका गुणासाठी शिकवलेलं खोटं

लातूरच्या ट्युशन एरियातल्या झेरॉक्सच्या दुकानात बारावी इंग्रजीच्या नोट्स मागा. मॉडल ऑक्झिलरीचं, म्हणजे कॅन, मे, मस्ट अशा सहायक क्रियापदांचं, पान हमखास मिळेल. डावीकडे शब्द, उजवीकडे शिक्का. कॅन म्हणजे अबिलिटी, मे म्हणजे परमिशन, शुड म्हणजे अ‍ॅडव्हाइस, मस्ट म्हणजे कम्पल्शन, कुड म्हणजे भूतकाळातली अबिलिटी. बोर्डाच्या पेपरात विचारतात की अमुक अर्थाचं मॉडल वापरून वाक्य पुन्हा लिहा. लेकरू वाक्य वाचतच नाही. प्रश्नातला शिक्का बघतं, तक्त्यातला शब्द उचलतं, जुन्याच्या जागी बसवतं आणि गुण घेऊन पुढे जातं. ते वाक्य कोण कोणाला म्हणतंय, का म्हणतंय, याच्याशी ना विद्यार्थ्याला देणंघेणं, ना पेपर काढणाऱ्याला, ना तपासणाऱ्याला.

मी इंग्रजी शिकवतो आणि सांगतो की हा तक्ता खोटा आहे. त्याने लेकरांचं नुकसान होतं, आणि ते नुकसान गुणपत्रिकेत कधीच दिसत नाही.

मस्टपासून सुरुवात करतो, कारण इथला घोळ सगळ्यात घातक आहे. तक्ता सांगतो, मस्ट म्हणजे सक्ती. हुशार मुलगी त्यापुढे नॉट लावते आणि सरळ हिशेब करते: सक्ती नाही. तिचा तर्क बिनचूक आहे, तक्ता चुकला आहे. इंग्रजीत मस्ट नॉट म्हणजे सक्त मनाई. ‘सक्ती नाही’ असं म्हणायचं तर नीड नॉट किंवा डोन्ट हॅव टू म्हणावं लागतं. आता हाच फरक औषधाच्या कागदावर बघा. ‘यू मस्ट नॉट टेक इट विथ मिल्क’ म्हणजे ही गोळी दुधासोबत घ्यायचीच नाही. ‘यू डोन्ट हॅव टू टेक इट विथ मिल्क’ म्हणजे दुधासोबतच घ्यायला पाहिजे असं काही नाही. डॉक्टर घडवणारं गाव म्हणून आपण मिरवतो. औसा, निलंगा, रेणापूरची लेकरं नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या 720 गुणांसाठी इथे येऊन दोन-दोन वर्षं घासतात. उद्या त्यांच्या हातात इंग्रजी पुस्तकं, इंग्रजी सूचना आणि इंग्रजी संमतिपत्रं येणार आहेत. त्यांना या दोन वाक्यांतला फरक न शिकवता आपण पुढे ढकलतो, आणि याला लातूर पॅटर्न म्हणतो!

मस्टचं दुसरं काम तर तक्त्याच्या गावीही नसतं. ‘ही मस्ट बी टायर्ड’ यात कसली सक्ती? तो दमला असणार, हा बोलणाऱ्याने बांधलेला अंदाज आहे. भूतकाळात या दोन वाटा पूर्ण फुटतात. ‘ही हॅड टू गो’ म्हणजे त्याला जावं लागलं. ‘ही मस्ट हॅव गॉन’ म्हणजे तो गेला असणार. एकात त्याची मजबुरी आहे, दुसऱ्यात माझा तर्क.

कुडची गत तशीच. ‘कुड यू ओपन द डोअर’ यात भूतकाळ कुठे आहे? ती आत्ता केलेली अदबीची विनंती आहे. त्याहून वाईट आहे तो घोटून घेतलेला प्रकार: कुड काढा, वॉज एबल टू घाला, वॉज एबल टू काढा, कुड घाला. ‘ही वॉज एबल टू कॅच द ट्रेन’ म्हणजे त्याने धावपळ करून गाडी गाठली. एकदाच घडलेल्या अशा यशासाठी इंग्रजी सहसा कुड वापरत नाही. ‘कुड नॉट’ मात्र बिनदिक्कत चालतं. लहानपणी पोहता यायचं, असं सांगायलाही कुड योग्यच. म्हणजे अदलाबदल कधी चालते आणि कधी अर्थ बिघडवते, हाच खरा धडा. तोच वगळून आम्ही अदलाबदल शिकवतो.

संताप याचा येतो की यातलं काहीही आपल्या लेकरांना परकं नाही. लातूरच्या कुठल्याही घरात तो गेला असेल, गेला असावा, गेला असणार या तीन वाक्यांतली खात्रीची चढण शाळेत न गेलेल्या आजीलाही कळते. ‘मला पोहता येतं’ आणि ‘ताप आहे, आज मी पोहू शकत नाही’ असं मराठी माणूस सहज वेगवेगळं बोलतो. इंग्रजी दोन्हीकडे कॅनवर भागवते. जावं, जायला पाहिजे, जावं लागतं, जायचंय, यांतला ताण आम्ही पाळण्यापासून ओळखतो. मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण 1911 चं. कर्तव्य, शक्यता अशा छटा सांगणाऱ्या विध्यर्थाची चर्चा तिथे आहे. शतकभर हे धन घरात असताना इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं कमीपणाचं ठरतं, आणि इंग्रजी परिभाषेचे शिक्के पोपटासारखे पाठ होतात. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. पहिली ते बारावी ही भाषा शिकूनही बहुतेकांच्या तोंडून आपणहून निघणारं एकमेव मॉडल म्हणजे वर्गाच्या दारातलं ‘मे आय कम इन, सर?’

आत यायची परवानगी मागायला शिकवलं. हक्क सांगणारं क्रियापद वाचायला कोण शिकवणार? राज्यघटनेच्या मूळ कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत शिक्षणासाठी राज्य ‘शॅल एंडेवर टू प्रोव्हाइड’, म्हणजे देण्याचा प्रयत्न करील, असं होतं, आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत होती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21-अ आणलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्य शिक्षण ‘शॅल प्रोव्हाइड’, म्हणजे देईलच. मधला ‘एंडेवर’ गळाला आणि सरकारच्या प्रयत्नाचा मुलांचा मूलभूत हक्क झाला. शॅल म्हणजे फक्त आय आणि वुई पुढचा भविष्यकाळ, असं घोकलेल्या मुलाला हे कलम वाचता येणार नाही. विम्याच्या कागदावर कंपनी भरपाई ‘मे’ देईल की ‘शॅल’ देईल, हे सोयाबीन गेलेल्या त्याच्या बापालाही तो सांगू शकणार नाही.

मला उत्तर ठाऊक आहे: सर, नीटला इंग्रजी नाही, बारावीत पास झालं की झालं, लेकरांकडे वेळ कुठंय? वेळ नाही, हे मान्य. पण तक्ता पाठ करायला जातोच ना? तेवढ्याच वेळात मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू शिकवून होतं, मराठीतून तर अर्ध्या तासात. शिक्षकांनाही मी सोडणार नाही, पण पहिला दोष बोर्डाचा. जे विचाराल तेच शिकवलं जाईल. शिक्का देऊन शब्द मागणारा प्रश्न काढून टाका. प्रसंग द्या: दवाखान्यातली सिस्टर पेशंटला सांगतेय की ऑपरेशनआधी पाणीसुद्धा प्यायचं नाही, पण कालपासून उपाशी राहायची गरज नव्हती. दोन वाक्यं लिहा. मग बघू, तो तक्ता कितीजणांना तारतो.